समुद्रतळाच्या उकळत्या पाण्यातले विषाणू: वऱ्हाडानं घाबरायचं, की हिशेब मागायचा?

‘विषाणू’ हा शब्द वऱ्हाडात अजूनही जड पडतो. २०२१ च्या फेब्रुवारीत बाकीचा देश कोरोना संपल्यासारखा वागत होता, तेव्हा अमरावती, अचलपूर आणि अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली. अमरावतीच्या नमुन्यांत विषाणूचं बदललेलं रूप दिसलं, अशा बातम्या दिवस दिवस चालल्या. त्यामुळे ‘समुद्राच्या तळाशी हजारो अनोळखी विषाणू’ असा मथळा मोबाइलवर आला, की इथल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे आता आपल्याकडे येणार का?

थेट उत्तर द्यायचं तर, नाही. हे विषाणू माणसाला होत नाहीत, गाई-म्हशींना होत नाहीत, कपाशीलाही होत नाहीत. ते जगतात उकळत्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर.

पण एवढं सांगून विषय सोडून देता येत नाही. असे झरे असलेल्या समुद्रतळावर खनिजं शोधण्याचा आणखी एक करार भारतानं सप्टेंबर २०२५ मध्ये केला. खोल समुद्रातल्या जीवसृष्टीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. आणि टोकाच्या परिस्थितीतलं पाणी आपल्याकडेही आहे. मोर्शी तालुक्यात सालबर्डीला ते गरम आहे, बुलढाण्यात लोणारला ते खारं आणि साबणासारखं अल्कधर्मी आहे. समुद्र इथून साडेसहाशे किलोमीटरवर असला, तरी प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. जे अजून पुरतं मोजलेलंच नाही, त्याचा मालक कोण आणि त्यातून काही निघालं तर वाटा कोणाचा?

समुद्राच्या तळाशी गरम झरे कुठून आले?

समुद्राचा तळ सपाट नाही. महासागरांच्या मधोमध हजारो किलोमीटर लांबीच्या डोंगररांगा आहेत. तिथे पृथ्वीचं कवच दोन बाजूंना सरकतं, खालून तप्त शिलारस वर येतो आणि गार होऊन काळा बेसॉल्ट तयार होतो. हा दगड वऱ्हाडाला नवा नाही. आपली कापसाची काळी जमीन याच जातीच्या दगडाची झीज होऊन बनली. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गार झाला, तिथला अजून तयार होतो आहे.

या नव्या दगडातल्या भेगांमधून समुद्राचं पाणी खाली उतरतं, तापतं, दगडातलं लोखंड, तांबं, जस्त, गंधक सोबत घेतं आणि झऱ्यासारखं वर उसळतं. याला हायड्रोथर्मल व्हेंट म्हणतात. वर दोन-तीन किलोमीटर पाण्याचा दाब असल्यामुळे साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढेही ते उकळून वाफ होत नाही. बाहेरच्या थंडगार पाण्याला भेटलं, की त्यातले धातू काळ्या धुरासारखे बाहेर पडतात आणि साचत साचत दगडी चिमण्या उभ्या राहतात.

असे झरे माणसानं पहिल्यांदा पाहिले १९७७ मध्ये, पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ. तिथे सूर्यप्रकाशाचा कण पोहोचत नाही, तरी झऱ्याभोवती जीवांची दाटी होती. या सगळ्या खानावळीचा आचारी म्हणजे सूक्ष्मजीव. झाडं जसं उन्हावर अन्न तयार करतात, तसं हे जीव गंधकाच्या आणि हायड्रोजनच्या रसायनांवर करतात.

उष्णतेचा विक्रम करणारा एक जीव आपल्याच हिंदी महासागरातला आहे. मध्य हिंदी महासागर कटकावर ‘कैरेई’ नावाचं झऱ्यांचं क्षेत्र आहे. तिथून आणलेला ‘मिथॅनोपायरस कँडलेराय’ हा सूक्ष्मजीव १२२ अंशांवर वाढतो, असं जपानी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवलं. दवाखान्यात कात्र्या-चिमटे निर्जंतुक करतात ते यंत्र १२१ अंशांवर चालतं. घरच्या कुकरमध्येही शिट्टीच्या वेळी पाणी साधारण १२० अंशांना पोहोचतं. म्हणजे जिथे आपण ‘आता काही जिवंत राहिलं नाही’ म्हणून झाकण उघडतो, तिथे याचा वाढीचा हंगाम असतो.

तिथले विषाणू करतात काय?

जिथे पेशी आहे तिथे तिच्यावर जगणारा विषाणू आहे, हा नियम उकळत्या पाण्यालाही लागू आहे. फक्त तिथल्या विषाणूंच्या तऱ्हा वेगळ्या.

उदाहरण म्हणून ‘पीएव्ही-१’ घ्या. फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. शंभर अंशांच्या आसपास वाढणाऱ्या ‘पायरोकोकस अबिसाय’ या सूक्ष्मजीवात तो राहतो. आकार लिंबासारखा, एका टोकाला आखूड शेपूट. विशेष म्हणजे तो आपल्या यजमानाला मारत नाही. बहुतेक विषाणू पेशीत शिरतात, आपल्या प्रती काढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. हा मात्र पेशी शाबूत ठेवून बाहेर झिरपत राहतो.

असं का, याचा अंदाज परिस्थितीवरून बांधता येतो. झऱ्याच्या तोंडाशी पाणी शंभर अंशांवर आणि हातभर बाजूला दोन-चार अंशांवर. बाहेर पडलेल्या विषाणूला पुढचा यजमान सापडण्याआधी तो वाहून जाणार किंवा निकामी होणार. अशा वेळी आहे ते घर पेटवून देणं परवडत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झऱ्यांभोवतीच्या कोमट पाण्यातले सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा तिथे यजमानाच्या डीएनएमध्ये गुपचूप राहण्याची पद्धत जास्त चालते असं आढळलं. पेशी दुभागली की विषाणूचा आराखडाही फुकटात दुप्पट होतो. परिस्थिती बिघडली, तर मग तो जागा होतो.

दुसरी तऱ्हा आणखी मजेशीर आहे. झऱ्यातून वर उठणाऱ्या ढगासारख्या पाण्यात गंधकावर जगणारे जिवाणू असतात. हे उष्णताप्रेमी नव्हेत, थंड पाण्यातलेच, पण त्यांचं अन्न झऱ्यातून येतं. २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनात कार्तिक अनंतरामन आणि सहकाऱ्यांनी या जिवाणूंच्या विषाणूंचे १८ जनुकसंच तपासले. त्यातल्या १५ मध्ये गंधकापासून ऊर्जा काढण्याची जनुकं सापडली. विषाणूला स्वतःला गंधक ‘खाता’ येत नाही. मग ही जनुकं कशाला? जिवाणूला लागण झाली, की त्याच्यातली ऊर्जेची भट्टी जोरात चालवायला. मिळालेल्या ऊर्जेवर विषाणूच्या जास्त प्रती निघतात. कापणीआधी शेवटचं खत टाकावं, तसा हा प्रकार. पण परिणाम एका पेशीपुरता राहत नाही. समुद्रात गंधकाचं काय होतं, कार्बन कुठे जातो, या मोठ्या हिशेबात विषाणूंचा हात आहे हे त्यातून दिसलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जगभरातल्या झऱ्यांचे जनुकीय नमुने एकत्र ठेवून पाहिल्यावर बहुतेक विषाणू एकेका ठिकाणापुरतेच आढळतात. एका झऱ्यावरचे दुसऱ्यावर क्वचित. ‘हजारो नवे विषाणू’ या मथळ्याचा खरा अर्थ हा आहे. ते सगळीकडे पसरत सुटलेले नाहीत, आपापल्या जागेला घट्ट बांधलेले आहेत. एक झरा बुजला किंवा खरवडला गेला, तर तिथला हा संच दुसरीकडून भरून येईल याची खात्री देता येत नाही.

मग ते आपल्याला का होऊ शकत नाहीत?

विषाणूला पेशीत शिरायला दार लागतं. कोरोनाच्या काट्याला आपल्या पेशीवरचं एक ठरावीक प्रथिन हवं असतं. लिंबासारख्या पीएव्ही-१ ला लागणारं दार आपल्या अंगात नाही. शिवाय त्याची सगळी यंत्रं ऐंशी-शंभर अंशांना चालण्यासाठी घडलेली. आपल्या ३७ अंशांत ती जवळजवळ गोठल्यासारखी पडून राहतील.

आणखी एक अंतर आहे. उकळत्या पाण्यातले बरेच सूक्ष्मजीव ‘आर्किया’ या गटातले. दिसायला जिवाणूंसारखे, पण वंश वेगळा. आर्कियाला होणारा एकही विषाणू माणसाला किंवा प्राण्याला झाल्याची नोंद नाही.

‘पण कोरोनानंही रूप बदललं होतं ना?’ हा प्रश्न अमरावतीकर विचारणारच, आणि तो रास्त आहे. कोरोना आधीपासून सस्तन प्राण्यांच्या पेशीत राहायला सरावलेला होता. २०२१ मध्ये बदलले ते त्याच्या किल्लीचे एक-दोन दात, कुलूप तेच होतं. झऱ्यातल्या विषाणूनं माणसाकडे येणं म्हणजे सायकलच्या किल्लीनं रेल्वेचं इंजिन सुरू करणं. असे मथळे फॉरवर्ड करणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

तुमच्या कोरोना चाचणीत उकळत्या झऱ्याचा वाटा होता

भीतीच्या बाजूला फार काही नाही. उपयोगाच्या बाजूला मात्र बरंच आहे, आणि ते आपल्या नाकातून घेतलेल्या स्वॅबपर्यंत येतं.

२०२० च्या मे महिन्यात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोरोना चाचण्या सुरू झाल्या. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही त्या होत होत्या. ती आरटीपीसीआर चाचणी कशी चालते? नमुन्यातला विषाणूचा आरएनए आधी डीएनएमध्ये उतरवतात. मग तो डीएनए सुमारे ९५ अंशांना तापवून त्याचे दोन धागे सुटे करतात, थंड करून प्रत्येक धाग्याची नक्कल करतात, पुन्हा तापवतात. अशी चाळीसेक आवर्तनं. प्रत्येक वेळी प्रती दुप्पट, म्हणून नमुन्यातला विषाणूचा अंशही पकडता येतो.

आपल्या शरीरातलं नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ९५ अंशांना पहिल्याच फेरीत अंड्यासारखं शिजून जाईल. म्हणून इथे उष्णता सोसणाऱ्या जिवाणूचं विकर वापरतात. त्याचं नाव ‘टॅक’. ते आलं ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या जिवाणूपासून. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना तो सापडला आणि १९६९ मध्ये त्यांनी त्याची नोंद केली. त्या वेळी याचा उपयोग काय, हे कोणी विचारलं असतं, तर ब्रॉक यांना सांगता आलं नसतं.

चाचणीतलं पहिलं काम, आरएनएचा डीएनए करणं, हे दुसरं विकर करतं. ते सहसा उंदराच्या किंवा पक्ष्याच्या विषाणूकडून घेतलेलं असतं आणि त्याला फार उष्णता झेपत नाही. म्हणजे दोन कामं, दोन विकरं. इथे उष्ण पाण्यातले विषाणू येतात. यलोस्टोनच्याच ‘ऑक्टोपस स्प्रिंग’ या झऱ्याच्या पाण्यातले विषाणू गाळून, त्यांचा डीएनए वाचून संशोधकांनी एक विकर शोधलं. ते उष्णता सोसतं आणि दोन्ही कामं एकटं करतं. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे, तो विषाणू प्रयोगशाळेत कधी वाढवलाच नव्हता. त्याचा यजमानही हातात नव्हता. पाण्यातल्या डीएनएचा मजकूर वाचला, त्यावरून विकर बनवलं.

समुद्रतळाचंही असंच एक उदाहरण आहे. जपानच्या दक्षिणेला ओकिनावाजवळच्या झऱ्यांमधल्या ‘नायट्रॅटिरप्टर’ या उष्णताप्रेमी जिवाणूचा ‘एनआरएस-१’ नावाचा विषाणू २०१३ मध्ये समोर आला. डीएनएची नक्कल सुरू करायला एरवी आधी एक छोटा तुकडा जोडून द्यावा लागतो, शिवताना पहिली गाठ मारावी तसा. या विषाणूचं विकर ती गाठ न मारताच शिवायला लागतं, असं २०१७ मध्ये अमेरिकी प्रयोगशाळेत दिसलं. ज्यांचा रोजचा धंदाच डीएनए वाचण्याचा आहे, त्यांच्यासाठी हे फार कामाचं हत्यार ठरू शकतं.

आता पैशाचं. पीसीआर तंत्राचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकले गेले. ज्या उद्यानाच्या झऱ्यातून तो जिवाणू आला, त्या यलोस्टोनला त्यातलं काही मिळालं नाही.

वऱ्हाडाला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत गेलं, २००२ मध्ये त्या बीटी बियाण्याला देशात परवानगी मिळाली आणि त्या जनुकाचं तंत्रज्ञान शुल्क अकोटच्या, दर्यापूरच्या शेतकऱ्यानं बियाण्याच्या पाकिटासोबत भरलं. सूक्ष्मजीव कुणाच्याही मालकीचा नसतो. त्याच्यापासून बनवलेल्या वस्तूला मात्र मालक असतो.

भारत समुद्रतळाशी काय करतो आहे?

डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागर कटकावर सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या जिवंत झऱ्याची छायाचित्रं घेतली. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांची ही मोहीम होती. माणूसविरहित पाणबुडी खाली सोडली होती. पुढे तीन माणसांना सहा हजार मीटरपर्यंत नेणारी ‘मत्स्य ६०००’ तयार होते आहे. यासाठीच्या ‘डीप ओशन मिशन’ला केंद्रानं २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले.

ही सगळी धडपड विषाणूंसाठी नाही. ती चिमण्यांमधल्या तांब्या-जस्तासाठी, सोन्या-चांदीसाठी आहे. भारताकडे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचा असा एक शोधपरवाना २०१६ पासून होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग कटकाच्या १० हजार चौरस किलोमीटरसाठी दुसरा मिळाला. या प्रकारच्या खनिजांसाठी दोन करार असलेला भारत पहिला देश आहे. परवाना शोधण्याचा आहे, उपसण्याचा नाही. उपसण्याचे नियम प्राधिकरणात अजून ठरायचे आहेत.

आणि इथेच घोळ आहे. चिमणीतला धातू समुद्रतळ प्राधिकरणाच्या कक्षेत येतो. त्याच चिमणीच्या भिंतीवर राहणारा सूक्ष्मजीव आणि त्याचा विषाणू, जैविक संपत्ती म्हणून, नव्या ‘खुल्या समुद्राच्या करारा’त येतो. या करारावर भारतानं सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. खोल समुद्रातून घेतलेल्या जनुकीय संपत्तीचे, आणि नुसत्या जनुकीय मजकुराचेही, फायदे वाटून घ्यावेत असं त्यात म्हटलं आहे. एकाच दगडाला दोन कचेऱ्या. सात-बारा एका तलाठ्याकडे आणि विहीर दुसऱ्याकडे असावी, तसं हे आहे, आणि खोदणारा आधी ज्या कचेरीत पोहोचेल तिचा शब्द जड ठरणार, ही भीती साधार आहे.

नुकसान काय होऊ शकतं, याचं एक दिसणारं उदाहरण आहे. हिंदी महासागरातल्या अशा झऱ्यांवर लोखंडी खवल्यांच्या पायाची एक गोगलगाय राहते. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिला ‘संकटग्रस्त’ यादीत टाकलं गेलं. या कारणासाठी यादीत गेलेली ती पहिली प्रजाती. गोगलगाय डोळ्यांना दिसते, तिचा फोटो निघतो. विषाणूंची अशी यादीच नसते.

माझं मत विचाराल तर, भारतानं समुद्रात उतरू नये असं मी म्हणणार नाही. आपण नाही गेलो तर दुसरे जातीलच, आणि चीन-जर्मनीचे परवाने याच महासागरात आहेत. पण धातूचा नमुना घेणाऱ्या प्रत्येक फेरीत पाण्याचे आणि सूक्ष्मजीवांचे नमुनेही सक्तीनं घेतले पाहिजेत, आणि ते देशातल्या सूक्ष्मजीव संग्रहात ठेवले पाहिजेत. जहाज खाली थांबलेलंच असतं. मुख्य खर्च तोच.

आणि आपलं पाणी?

सालबर्डी सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेवर आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे. भूशास्त्राच्या लोकांना ते तिथल्या डायनासोरच्या जीवाश्मांमुळे ठाऊक आहे. तिथे गरम आणि थंड पाण्याचे झरे जवळजवळ आहेत. हे पाणी शिलारसानं तापत नाही. पावसाचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांमधून खोल उतरतं, पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. समुद्रतळाच्या मानानं हा झरा अगदीच सौम्य. पण शेजारी शेजारी दोन तापमानांचं पाणी म्हणजे दोन वेगळ्या सूक्ष्मजीव वस्त्या, आणि त्यांच्यावर जगणारे दोन वेगळे विषाणूसंच. पैनगंगेकाठच्या उनकेश्वरच्या गरम झऱ्यातल्या सूक्ष्मजीवांचा जनुकीय अभ्यास झालेला आहे, म्हणजे हे काम इथल्या पाण्यावर करता येतं.

लोणार गरम नाही, पण तिथल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. अशा पाण्यात जगणं हीदेखील कसरतच. लोणारच्या जिवाणूंवर अमरावती विद्यापीठ, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांनी बरीच वर्षं काम केलं. हैदराबादच्या सीसीएमबीनं तिथे सापडलेल्या एका जिवाणूला ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ असं नाव दिलं. त्यात आधी संस्थेच्या आद्याक्षरांचा उच्चार आणि मग आपलं लोणार आहे.

२०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा फोटो जगभर फिरले आणि कारणांच्या गप्पाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. लोणार अभयारण्य अकोला वन्यजीव विभागाकडे आहे. पाण्याचे नमुने तपासायला गेले आणि आघारकर संस्थेनं सांगितलं की हा रंग ‘हॅलोआर्किया’ या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांची संख्या फुगली.

त्या बातम्यांत एक गोष्ट आलीच नाही. अशा मीठप्रेमी आर्कियांनाही विषाणू होतात. आर्कियाचा पहिला विषाणू शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये नोंदवला, तो मीठप्रेमी आर्कियाचाच होता. खाऱ्या पाण्यात सूक्ष्मजीवांची गर्दी झाली की विषाणू ती कापून काढतात, हे जगभरच्या मिठागरांमध्ये दिसलं आहे. सरोवराचा रंग चढला आणि उतरला, यात पावसाच्या बरोबरीनं विषाणूंचाही हिशेब धरायला हवा. लोणारच्या जिवाणूंवर निबंधांची चळत आहे, विषाणूंचा नंबर फार मागे लागतो.

हे पाणी जपायचं म्हणजे नुसतं कुंपण घालायचं नाही. लोणारमध्ये गोडं पाणी किंवा सांडपाणी जास्त उतरलं, की सामू खाली येतो आणि तिथले खास जीव साध्या जीवांपुढे हरतात. सालबर्डीसारख्या झऱ्याच्या तोंडाशी सिमेंट ओतलं, साबण-शाम्पू उतरला, तर तेच होईल. लोणारला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, त्याचं निदान नाव तरी आहे.

कायदा काय सांगतो? २००२ च्या जैवविविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही येतात. परदेशी कंपनीला इथला नमुना नेऊन संशोधन करायचं असेल, तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. पेटंटसाठीही मंजुरी लागते. स्थानिकांना वाटा मिळण्याची तरतूद आहे. मात्र ऑक्टोपस स्प्रिंगचं उदाहरण आठवा. एकदा जनुकीय मजकूर इंटरनेटवर चढला, की पाण्याची बाटली कोणी मागायला येत नाही. यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली फंड’ नावाचा आंतरराष्ट्रीय निधी सुरू झाला. असा मजकूर वापरून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा महसुलाचा ०.१ टक्का त्यात द्यावा, अशी अपेक्षा आहे. अपेक्षाच आहे, सक्ती नाही.

म्हणून नोंद आधी आपल्याकडे हवी. पाणी गाळून त्यातले विषाणू गोळा करणं हे फार महागडं काम नाही. अमरावती विद्यापीठ आहे, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, दोन्हीकडे सूक्ष्मजीवशास्त्राची माणसं आहेत. कोरोनात उभी राहिलेली पीसीआरची यंत्रं आणि ती चालवायला शिकलेली मुलं आहेत. वर्षातून चार वेळा, उन्हाळा-पावसाळा धरून, सालबर्डी आणि लोणारचा नमुना घेऊन तो पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहात तारखेसह ठेवला, तरी उद्या कुणी ‘हे आम्ही शोधलं’ म्हणालं तर दाखवायला कागद असेल.

याच कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत जैवविविधता समिती असावी लागते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. सालबर्डी किंवा लोणारला गेलात, तर ही नोंदवही मागून पाहा. झाडं, पिकं, पक्ष्यांची पानं उलटून झाली, की सूक्ष्मजीवांचं पान शोधा.